धुरजड

आमच्याकडं वजन टनात बोलतात. एकरी ऊस किती टन पडला, ट्रॉलीत किती बसला, पावतीवर किती लागला; पारावरचं निम्मं आयुष्य यातच जातं. अशा आमच्या अंथुर्णे गावात बापू एकटे ग्रॅममध्ये बोलतात. सकाळी डेअरीला दूध घालायला निघालेल्या माणसाला थांबवून सांगतील, "काल शेपटात अकरा ग्रॅम वाचवले." समोरचा दचकून आधी म्हशीच्या शेपटाकडं बघतो.

शेपूट विमानाचं. बापू विमान 'करतात'. चार वर्षं आम्ही हेच क्रियापद वापरत आलो. 'केलं' म्हणायची वेळ काही येत नव्हती. स्वतः बापू ब्याण्णव किलोचे, पण त्यातल्या एका ग्रॅमबद्दलही त्यांना कधी वाईट वाटलेलं नाही.

जन्म साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर म्हणून गेला. निवृत्त झाल्यावर लोक वारीला जातात, नाहीतर ग्रामपंचायतीला उभे राहतात. बापूंनी जुन्या गोठ्यातली गव्हाण पाडली, तिथं सपाट टेबल ठोकलं आणि जर्मनीच्या वाल्टर एक्स्ट्रानं काढलेल्या 'एक्स्ट्रा ३००' या कसरतीच्या विमानाचा नकाशा काढायला घेतला. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ मीटर. बापूंच्या विमानाचे सव्वादोन मीटर, रिमोटवर उडणारं. तयार खोकं आणून जोडणाऱ्यांची ते 'रेडिमेड शर्टवाले' म्हणून कीव करतात.

एवढा नकाशा काढायला कागद कुठला आणायचा? पण आमच्या तालुक्यात फ्लेक्सला तोटा नाही; वाढदिवस बारमाही असतात. उतरवलेला फ्लेक्स बापू मागून घेतात आणि पांढऱ्या पाठीवर रेघा मारतात. उजेडात धरला की पुढची बाजू थोडी आरपार दिसते. त्यामुळं उजव्या पंखाची सातवी फासळी एका भावी सदस्याच्या मिशीवर आली आहे, आणि शेपटाखाली शुभेच्छुकांची यादी.

लाकूड बाल्सा. ते मूळचं इक्वेडोरकडचं, कुरियरनं येतं. पहिल्यांदा आलं तेव्हा कुरियरवाल्या पोराला हाताला वजनच लागेना. "काका, खोकं रिकामं दिसतंय, इथंच फोडा, नंतर माझ्यावर यायला नको," म्हणून तो अडून बसला. बापूंना त्या दिवशी सत्कार झाल्यासारखं वाटलं होतं.

फासळ्या कापायची त्यांची रीत बघण्यासारखी आहे. एका पंखाच्या तेरा चिपा एकावर एक रचायच्या, खालीवर प्लायवुडचा साचा, आरपार दोन बोल्ट, आणि सगळा गठ्ठा एकदमच घासायचा. मग प्रत्येक फासळी सोनाराकडच्यासारख्या छोट्या काट्यावर. दोन ग्रॅम जास्त भरली की नापास. नापास फासळ्यांनी काकूंचा बंब पेटतो. "परदेशी लाकडावर आंघोळ करणारं तालुक्यात आमचंच घर," काकू पाहुण्यांना सांगतात.

मी एकदा म्हटलं, "बापू, सात-आठ किलोच्या वस्तूत दोन ग्रॅमनं काय होतंय?"

बापूंनी चष्मा काढला. चष्मा काढला की अर्धा तास गेला, हे गावाला माहीत आहे. "बैलगाडी जुंपलीय का कधी? माल मागं जास्त भरला तर काय होतं?"

"उलाळ होते."

"आन् पुढं जास्त झाला तर?"

"धुरजड."

"झालं! इमानाचं सगळं शास्त्र एवढंच." पंखाच्या रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या अलीकडं विमान तोललं गेलं पाहिजे. नाक तिथून जवळ, शेपूट लांब. म्हणून शेपटात एक ग्रॅम वाढला तर तोल राखायला नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं. धुरजड विमान आळशी बैलासारखं चालतं, पण चालतं. उलाळ झालेलं नाक वर करतं आणि मग कुणाचं ऐकत नाही. आयुष्यभर गाड्या हाकलेल्या म्हाताऱ्यांना हे चटकन पटलं. पटलं नाही ते एवढंच, की या विमानाचा पंख खालून-वरून सारखाच फुगीर आहे, कारण ते उलटंही तसंच उडायला हवं. "उलटं कशाला? आधी सुलटं तर उडवा," असा ठराव पारावर झाला.

इंजिनासाठी बापूंनी बांधावरचं गवत कापायचं यंत्र बळी दिलं. ५२ सीसीचं, दोन स्ट्रोकचं. क्लच काढला, झाकण काढलं, दोरीचा स्टार्टर काढला, पुढं लाकडी पंखा लावला. बांधावरचं गवत कमरेला लागलं, पण इंजिन अर्धा किलोनं उतरलं. मग लिंबाच्या खोडाला ताणकाटा बांधून त्याची ओढ मोजली, ती भरली साडेनऊ किलो. विमान त्याहून हलकं राहिलं तर ते नुसत्या पंख्यावर हवेत उभं टांगून राहू शकतं. बापू त्या दिवशी जेवले नाहीत. काकूही जेवल्या नाहीत, पण त्याचं कारण वेगळं होतं. पंखांवरची चिकटणारी रंगीत फिल्म इस्त्रीनं बसवतात, आणि घरात इस्त्री एकच होती. एकादशीला नेसायच्या पांढऱ्या पातळावर लाल रंगाचा त्रिकोण अजून आहे.

एवढं सगळं होऊन विमान उडायचं मात्र राहत होतं. आमच्या मुलखात उभ्या उसात बैल हरवतो, तिथं विमान कुठलं सापडायला? म्हणून बापू म्हणायचे, "ऊस तुटू द्या." टोळ्या आल्या, फड मोकळे झाले, तर वारा सुटला. वारा पडला तोवर तुकोबांची पालखी आली. मैदान वारकऱ्यांचं, आणि बेलवडीचं रिंगण बघायला बापू स्वतःच पुढं. परत आले तर चिखल. चिखल वाळला तोवर खोडवा डोक्यावर. गावातली पोरं विचारायची, "बापू, इमान कवा?" आणि बापू मान वर करून बारामतीहून आलेल्या शिकाऊ वैमानिकाच्या विमानाकडं बघत म्हणायचे, "वळण ढिलं घेतलं बघ त्यानं."

गोठ्याच्या भिंतीवर दोन कात्रणं आहेत. एक वालचंद हिराचंदांचं. इथून मोटरसायकलवर चहा पिऊन यावं इतक्या जवळ वालचंदनगर वसवणाऱ्या शेठनी १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना काढला. "इथं का नाही काढला?" ही बापूंची त्यांच्याबद्दलची एकमेव तक्रार. दुसरं कात्रण कॅप्टन अमोल यादवांचं. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी खरं विमान बांधलं, २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात मांडलं, आणि सरकारदरबारी नोंद व्हायला २०१७ उजाडलं. हे कात्रण बापू काकूंना दाखवायला वापरतात. यादवांनाही वेळ लागलाच ना!

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या गावोगावी रात्री ड्रोन फिरतात अशी हूल उठली. आमच्याकडंही पोरं काठ्या-बॅटऱ्या घेऊन जागायला लागली. तिसऱ्या रात्री घोळका बापूंच्या दारात. "बापू, खरं सांगा, तुमचंच हाय ना?" बनियनवर बाहेर आलेल्या बापूंचा आवाज फुटेना. "अरे, माझं उडत असतं तर मी पेढे वाटले असते रे!" घोळका इतका शरमला की दोघंतिघं आत जाऊन चहा पिऊन आले.

या बोलण्यानंच बहुतेक बापूंना खिंडीत गाठलं. पुढच्या मार्चात वारा नव्हता, ऊस नव्हता, चिखल नव्हता. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेला माझा पुतण्या कॉलेजात असली विमानं उडवतो. बापूंचा हात थरथरतो म्हणून रिमोट त्याच्याकडं. पालखी उतरते त्या मैदानावर निम्मं गाव. इंजिन फटफटलं, चाकं वीसेक पावलं धावली आणि विमान वर. पुतण्यानं दोन फेऱ्या सरळ मारल्या आणि तिसरीला ते पालथं केलं. "गेलं! गेलं! इमान उलटलं!" बायका ओरडल्या. ते तसंच पालथं आमच्या डोक्यावरून गेलं. बापू तेवढे खाली बघत होते, ओठ हलत होते. देवाचं नाव घेतायत की सेकंद मोजतायत कळेना.

सहा मिनिटांनी ते उतरलं. टाळ्या चालू असतानाच बापूंनी ते उचललं आणि भाजीवाल्याकडून आणलेल्या काट्यावर ठेवलं. सात किलो सातशे चौसष्ट. उडण्याआधीच्या वजनातून जळालेलं पेट्रोल वजा केलं तर चौदा ग्रॅम जास्त. चाकाच्या टोपणात पाचट आणि मातीचा गोळा निघाला. तो त्यांनी काडीनं उकरून काढला, पुन्हा वजन केलं आणि मान हलवली.

"काय बापू, कसं उडालं?" मी विचारलं.

"धुरजड," बापू म्हणाले. मग जरा जवळ येऊन, "तुमच्या नातवाच्या बारशाचा तो फ्लेक्स, दारावरचा, तो कधी उतरवताय?"