पुंगळ्यांची कल्हई

पितळ म्हटलं की आपल्याला समई आठवते, टेक्सासमधल्या नेमबाजाला पुंगळी. गोळी गेली, दारू जळली, तळाची प्रायमरची टिकली फुटली, तरी काडतुसातला सगळ्यात महाग भाग, म्हणजे ती पितळी पुंगळी, शाबूत राहते. मग ती घासूनपुसून, मापात आणून पुन्हा भरायची. म्हणून तिथल्या रेंजवर नेमबाजी आटोपली की एरवी कमरेचा पट्टा बांधून फिरणारे गृहस्थसुद्धा तास-तास वाकून जमीन धुंडाळतात. दुसऱ्याच्या पुंगळीला हात लावण्याआधी विचारायचं असतं, एवढी सभ्यता मात्र पाळली जाते.

माझ्या मुलाच्या शेजाऱ्याची गाडी कायम उन्हात असते, कारण गॅरेजात पुंगळ्या राहतात. कोपऱ्यात त्या घोळवून घासणारा टम्बलर घरघरत असतो. त्यात अक्रोडाच्या कवचाचा किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा, टोपणभर पॉलिश, आणि धूळ धरायला ड्रायरमध्ये वापरून झालेल्या सुगंधी कापडाचे तुकडे. अक्रोड काजळी काढतो, मका चकाकी देतो, असं म्हणतात. यावर तिथे चिंच की आमसूल इतकाच गंभीर वाद होऊ शकतो. दुसरा पंथ ओल्या धुलाईचा. पाणी, भांड्यांचा साबण, चिमूटभर सायट्रिक ॲसिड आणि स्टीलच्या बारीक सुया. सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबाचा आंबटपणा. आमच्या आजीचीच विद्या, फक्त मोटर लावलेली.

खरा वेळ खातात त्या बारीकसारीक कटकटी. नऊ मिलिमीटरची पुंगळी पंचेचाळीस कॅलिबरच्या पुंगळीच्या पोटात अशी जाऊन बसते की दोन्ही मळकट राहतात. भरड्याचा एखादा कण तळाच्या छिद्रात अडकतो, तो टाचणीने टोकरून काढायचा. हे करताना शेजारी प्रत्येक पुंगळीचं बूड चष्म्याजवळ नेऊन वाचतो. ‘एलसी’ आणि दोन आकडे असले की समजायचं, मिसूरीतल्या लेक सिटी कारखान्याचा माल, आणि आकडे सालाचे. आपण नाही का, घासता घासता तांब्यावरचं ‘चि. सौ. कां. हिस सप्रेम भेट’ वाचत बसत? घासणं तिथेच राहतं.

अमोनिया असलेलं पॉलिश मात्र त्याच्या गॅरेजात वर्ज्य, आणि त्यामागची कथा आपल्या पावसाची आहे. ब्रिटिश अमलात पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि काडतुसं तबेल्यांत रचून ठेवली जात. पाऊस सरल्यावर बाहेर काढली तर पुंगळ्यांना भेगा! मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी 1921 साली उलगडा केला: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि पितळ ओढून-दाबून पुंगळी घडवताना धातूत साठलेला ताण. हे पितळ 70 टक्के तांब्याचं, 30 टक्के जस्ताचं. नेमक्या आचेवर तापवलं की त्याचा ताण उतरतो. आपल्या खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना 1869 पासूनचा. तिथे घोडे कुठे बांधत असत कोण जाणे.

हे सगळं ऐकून घेतल्यावर मी शेजाऱ्याला विचारलं, की इतकी चमकवल्याने नेम सुधारतो का? तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, छे. माती आणि काजळी गेली पाहिजे, नाहीतर पुंगळी मापात आणायच्या साच्यावर ओरखडे उठतात. बाकी चकाकी आपल्या हौसेची. उजळ पुंगळीवर भेग पटकन दिसते एवढाच काय तो फायदा. काळवंडलेली पण स्वच्छ पुंगळी तितकीच नीट चालते. हे सांगून त्याने तो घाणा आणखी तासभर चालू ठेवला.

मला त्यात काही गैर वाटलं नाही. देवाला तरी लखलखीत निरांजन लागतं असं कुणी सांगितलंय? घासणाऱ्यालाच ते लागतं. फक्त एक फरक विसरू नका. जळलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं, आणि ते भरड्याच्या धुळीत उतरतं. तेव्हा परदेशी पाहुणचारात कुणी हौसेने तुमच्या हातात भरड्यातून पुंगळ्या वेगळ्या करायची चाळणी दिलीच, तर चाळायचं ते उघड्यावर, नंतर हात साबणाने धुवायचे, आणि ती चाळणी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही.