उद्या स्केल करायचं झालं तर?

हिंजवडीच्या कंपन्यांत दोन-तीन वर्षं बग सोडवून झाले, की काही मुलांना आर्किटेक्ट व्हायचे डोहाळे लागतात. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर असा एक आहे. खिशात कायम मार्कर. कोरा कागद दिसला की हा चौकोन काढतो, चौकोनांना बाण जोडतो आणि कोपऱ्यात एक सिलिंडर काढतो. तो डेटाबेस असतो. एकदा लग्नपत्रिकेच्या पाठीवर तो सिलिंडर बघून त्याच्या आईने गॅसचा नंबर लावला होता, असं तिसऱ्या मजल्यावर सांगतात.

काहीही विचारा, आधी म्हणणार, "इट डिपेंड्स." आईने "भात टाकू का?" विचारलं, तरी तेच.

१९९४ सालचं 'डिझाइन पॅटर्न्स' हे पुस्तक त्याला तोंडपाठ आहे. लेखक चार, म्हणून या धंद्यात त्यांना 'गँग ऑफ फोर' म्हणतात. त्यात २३ पॅटर्न आहेत. खजिनदारांनी त्याच्याकडे मेंटेनन्सची पावती छापणारा साधा प्रोग्रॅम मागितला, तर याने त्यात १९ पॅटर्न बसवले. "उरलेले चार पार्किंगमध्ये बसतील," म्हणाला. पावतीची सर्व्हिस वेगळी, थकबाकीची वेगळी, ईमेलची वेगळी, मध्ये मेसेज क्यू.

"अरे, फ्लॅट चाळीस आहेत आपले," मी म्हटलं.

"आज चाळीस, काका. उद्या स्केल करायचं झालं तर?"

एवढा विश्वास आमच्या बिल्डरलाही नव्हता.

गणपती गेले, दिवाळी झाली, पावती काही निघेना. खजिनदार कार्बन पेपर घालून हाताने पावत्या फाडत राहिले. तेवढ्यात सर्वसाधारण सभेने भाडेकरू ठेवणाऱ्यांचं नॉन-ऑक्युपन्सी शुल्क वाढवलं. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत घेता येतं, आमचं ८ होतं, ते १० केलं. एवढ्यासाठी पोराला पाच सर्व्हिसेस उघडाव्या लागल्या. आठाचा आकडा प्रत्येकीत वेगळा कोरलेला!

त्या रात्री तो डेव्हिड पार्नासचा १९७२ चा लेख घेऊन बसला. पार्नास म्हणतो, कामाच्या पायऱ्यांप्रमाणे प्रोग्रॅमचे तुकडे पाडू नका; जे निर्णय पुढे बदलतील असं वाटतं, त्यातला एकेक एकेका तुकड्याच्या पोटात दडवा, बाकीच्यांना त्याचा पत्ता लागू देऊ नका. सकाळी हे खजिनदारांना सांगताना त्याचा चेहरा इतका उजळला होता, की मला त्याचे एकोणीसच्या एकोणीस पॅटर्न माफ करावेसे वाटले.

खजिनदारांनी ऐकून घेतलं आणि आपली वही उघडली. पहिल्या पानावर नुसते दर. पुढे सगळीकडे 'दर पान १ प्रमाणे'.

पोराने त्या पानाचा फोटो काढला आणि खजिनदारांना चक्क वाकून नमस्कार केला.

आता तो सगळं नव्याने लिहितोय. पण फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्येच बजावून ठेवलंय, की माणसाची दुसरी सिस्टीम सगळ्यात धोक्याची, पहिल्या खेपेला आवरून धरलेली सगळी हौस तिच्यात उतरते. (याने पहिल्या खेपेला नेमकं काय आवरून धरलं होतं, देव जाणे.) पोराने त्यावरही तोड काढली आहे.

"दुसरी करतच नाही, काका. थेट तिसरीच घेतलीय."