सासऱ्यांदेखत टोबार कसा बसवावा

प्रस्तुत मार्गदर्शिका इंग्लंडात राहणाऱ्या, संगणकावर पोट भरणाऱ्या व हाताला ग्रीस लागल्याचा पूर्वानुभव नसलेल्या मराठी गृहस्थांसाठी आहे. मोटारीच्या पार्श्वभागी लोखंडी तुळई व तीवर ५० मिलिमीटर व्यासाचा गोळा स्वहस्ते बसवून त्यास ट्रेलर जोडणे, हा तिचा विषय होय.

प्रथम निकड निर्माण करावी. माझी निकड म्हणजे मंडळाच्या गणपतीचे सहा ढोल. ते मागच्या वर्षी सहा गाड्यांतून, सहा जणांच्या मांडीवर बसून हॉलवर पोचले आणि परत येताना पाचच आले. या वर्षीच्या बैठकीत "ट्रेलर घेऊ, माझ्या गाडीला जोडता येईल," असं मी बोलून गेलो. गॅरेजवाल्याने टोबार बसवायचा जो आकडा सांगितला, त्यात मुंबईचं जाऊन-येऊन तिकीट आलं असतं. "त्यात काय आहे? चार बोल्ट तर आवळायचे," हे वाक्य मी स्वयंपाकघरात उच्चारलं. मागे अण्णा चहा पीत बसलेत हे पाहायला हवं होतं.

अण्णा म्हणजे सासरे. सांगलीकडचे. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून सगळी नोकरी काढलेली. उन्हाळ्यापुरते लेकीकडे आलेले. त्यांनी बशी खाली ठेवली. "बसवा की जावईबापू. मी हाय बसलेला."

नियम पहिला. सासऱ्यांची खुर्ची सावलीत, गाडीपासून सुरक्षित अंतरावर मांडावी. अण्णांनी ती उचलून बंपरपाशी आणली. नियम संपला.

नियम दुसरा, खरेदीचा. १ ऑगस्ट १९९८ पासून रस्त्यावर आलेल्या मोटारीला इथे मान्यताप्राप्त टोबारच चालतो. ओळखीतल्याने वेल्डिंग करून दिलेला चालत नाही. टोबारवर एक बिल्ला असतो. त्यावरची एस-व्हॅल्यू म्हणजे गोळ्यावर वरून किती भार चालेल तो आकडा. माझ्या टोबारवर ७५ किलो. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून बिल्ला नाकाशी धरला. "आमच्याकडं एका ट्रॅक्टरमागं ऊसाच्या दोन ट्रॉल्या असत्यात. मधी एक पिन. बिल्ला न् फिल्ला काय नसतोय."

"आणि उलटतात त्या," मी म्हणालो.

"उलटत्यात की. म्हणून तर वाचतोय."

आता बंपर. येथे साधकाची कसोटी लागते. दिव्यांमागचे स्क्रू, चाकांच्या कमानीतले स्क्रू, खालच्या कडेच्या प्लास्टिकच्या खुंट्या, हे सगळं काढलं तरी बंपर निघत नाही, कारण एक स्क्रू राहिलेला असतो. तो कुठे आहे हे टोबारसोबत आलेल्या पत्रकात नसतं. मग आपण ओढतो. 'कट्' असा आवाज आला की क्लिप तुटली असं समजावं. माझे तीन 'कट्' झाल्यावर अण्णा उठले, कमानीपाशी बंपरच्या कडेत चार बोटं सारली, दुसऱ्या तळहाताने एक थाप मारली, आणि पिकल्या फणसाचा गरा सुटावा तसा बंपर सुटला. मी आनंदाने तो घेऊन मागे निघालो. कृपया असे निघू नये. पार्किंग सेन्सरची वायर अजून गाडीतच खोचलेली असते. ती आधी सोडवावी. बंपर जुन्या चादरीवर ठेवावा, आणि चादर जुनी आहे ना हे बायकोला विचारावं.

बंपरच्या आत एक आडवी पट्टी निघते. बहुतेक गाड्यांत तिच्या जागी टोबारची तुळई बसते. उरलेली पट्टी फेकवत नाही, ठेवायलाही जागा नसते. माझी शेडमध्ये आहे. कुणाला हवी असल्यास कळवावे.

बोल्टांविषयी मात्र थट्टा नको. सगळे बोल्ट आधी नुसत्या हाताने धरवायचे. एक पक्का आवळला की तुळई तिकडे ओढली जाते आणि समोरचं भोक जुळत नाही. हे पत्रकातही होतं, अण्णांनीही सांगितलं. मी दोघांचंही न ऐकता पहिला आवळला, म्हणून तो पुन्हा ढिला करण्यात पाऊण तास गेला. दुसरं, बारा एमएमच्या बोल्टाचं डोकं कधी अठराचं असतं, कधी एकोणीसचं. अठराच्यावर एकोणीसचा पाना 'बसतोय की' म्हणून चालवला तर कोपरे गोल होतात आणि त्यानंतर देवसुद्धा येत नाही. पत्र्याला ओरखडा गेला असेल तर तिथे गंजरोधक रंगाचा हात मारावा. इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, ते बरोबर त्याच जागी येऊन बसतं.

शेवटची आवळणी टॉर्क रेंचने. माझ्या पत्रकात ७९ न्यूटन-मीटर होतं; तुमच्या पत्रकात असेल ते खरं. हा रेंच मी खास विकत आणला होता. तेवढं बळ लागलं की तो 'टक्' म्हणतो. अण्णांना हे फार लागलं. पान्याने माणसाला सांगायचं? त्यांनी एक बोल्ट, डावीकडचा आतला, आपल्या हाताने आवळला, बोटाने ठोकून ऐकला आणि म्हणाले, "याला तुमचं यंत्र लावू नका." लावलं नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस लेकीच्या दारात गुडघे टेकून बसलाय, त्याच्या बोल्टाची परीक्षा कोण घेणार?

"वायरी तुम्ही बघा. तुम्ही कंप्युटरवाले," असं म्हणून विजेचं काम त्यांनी माझ्यावर सोडलं. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढावं. सात पिनांच्या सॉकेटमध्ये पिवळी वायर डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, लाल ब्रेकची, निळी मागच्या फॉग लाइटची, तपकिरी उजव्या टेललाइटची, काळी डाव्याची. अर्थ पांढरी. घरच्या वायरिंगच्या सवयीने हिरवी अर्थ समजू नये. मी समजलो. हल्लीच्या गाडीला बल्ब गेलेलाही कळतो, म्हणून परक्या वायरी थेट दिव्यांना जोडल्या तर ती रुसते. तिच्यासाठी खास मिळणारा संच घ्यावा, तिथे काटकसर करू नये. एवढं करूनही एक दिवा मिणमिणत होता. अर्थचा नट ढिला निघाला. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त हसले. बोलले असते तर बरं.

विमा कंपनीला कळवावे.

ट्रेलर जोडल्यावर मोटरवेवर ताशी ६० मैलांची मर्यादा, आणि तीन लेन असतील तर सगळ्यात उजवीकडची वर्ज्य. हे मी गंभीरपणे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "नाहीतरी तू कधी गेलायस तिकडे?"

ढोल भरताना जड माल चाकांच्या वर ठेवावा. सगळं मागे गेलं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. गोळ्यावर किती भार येतो ते न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर मोजता येतं. काटा खाली, त्यावर लाकडी ठोकळा, त्यावर ट्रेलरचं नाक. आमचा ५२ भरला. काट्यावर ओरखडा उठला. तो काटा बायकोचा होता, हे ओघानेच आलं.

आणि गोळ्यावर टोपी घालावी. नसल्यास टेनिसचा चेंडू कापून बसवावा. तो गोळा नेमका नडगीच्या उंचीवर येतो.

गणपती झाले, सहाच्या सहा ढोल परत आले, अण्णा गावी गेले. पत्रकाच्या शेवटी लिहिलं होतं की हजार किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत. पत्रकाचा शेवट कोण वाचतो? ऑक्टोबरात व्हिडिओ कॉलवर अण्णांनी विचारलं, "बोल्ट परत बघितले का न्हाई?"

"बघितले की," म्हणालो आणि फोन ठेवून टॉर्च, रेंच घेऊन अंधारात बाहेर गेलो. आधी नडगी. मग खाली झोपून एकेक बोल्ट. टक्, टक्, टक्. डावीकडचा आतला मात्र पाव आटा फिरला आणि मग टक् म्हणाला.

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं, "आणि माझा?"

"ढिम्म हलला नाही, अण्णा."