आधी पानं पक्की करा

सूचीकाराला बोलावणं जातं ते सगळ्यांत शेवटी. मुखपृष्ठ तयार असतं, समारंभाचा हॉल ठरलेला असतो, अध्यक्षांचा होकारही आलेला असतो. मग कुणाला तरी आठवतं, की सहाशे पानांच्या चरित्राला सूचीच नाही.

"परवापर्यंत होईल ना?" प्रकाशक फोनवर विचारतो.

"पानं पक्की झाली?" सदाशिव पेठेतून थंड उत्तर येतं.

पानं अर्थातच पक्की नसतात. लेखकानं कालच दुसऱ्या प्रकरणात एक आठवण घुसवलेली असते. त्यामुळे पानं सरकली, की पुढचे सगळे आकडे खोटे, हे लेखकांना पटवण्यात सूचीकाराची अर्धी हयात गेलेली असते.

मग दराचं निघतं. तो पानावर पैसे घेतो. प्रकाशक खूश होतो, कारण त्याच्या हिशेबात सूचीची पानं जेमतेम बारा. सूचीकाराच्या हिशेबात पुस्तकाची सहाशे. एवढ्यात प्रकाशकाचा पुतण्या म्हणतो, "काका, कंट्रोल-एफ मारलं की झालं!" सूचीकार त्याला प्रेमानं खुर्ची देतो आणि 'पुणे' शोधायला सांगतो. संगणकाला 'पुणे' सापडतं. 'पुण्यात', 'पुण्याला', 'पुण्याहून' मात्र सापडत नाही. म्हणजे नायक पुण्यात जन्मला, पुण्यात शिकला, पुण्यातच भांडला, आणि सूचीत त्याचा पुण्याशी फारसा संबंध नाही! पुतण्या चहा न घेताच जातो.

खरा सूचीकार रंगतो तो नावांत. एकोणिसाव्या शतकावरचं पुस्तक असलं, की पंडिता रमाबाई आणि रमाबाई रानडे त्याच्या घरात शेजारणींसारख्या वावरतात. प्रस्तावनेत माधवराव पेशव्यांचा विषय निघालाच, तर तिसऱ्या रमाबाई येतात. 'रमाबाई म्हणाल्या' एवढंच लिहून पुढे गेलेल्या लेखकाला तो रात्री अकराला फोन करतो : "कुठल्या?" 'कुसुमाग्रज : शिरवाडकर पहा' आणि 'शिरवाडकर : कुसुमाग्रज पहा' अशी सूची कुणी केल्याची गोष्ट तो भुताच्या गोष्टीसारखी आवाज खाली आणून सांगतो. 'क्ष' अगदी शेवटी टाकणाऱ्यांशी तो बोलत नाही. क आणि ष मिळून झालेलं अक्षर क मध्येच बसलं पाहिजे, यावर त्यानं एक चांगला मित्र गमावला आहे.

त्याचं दैवत शंकर गणेश दाते. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची त्यांची ग्रंथसूची १९४३ साली निघाली. "ती ग्रंथांची सूची, माझी ग्रंथातली," असं तो आधी दुरुस्त करतो आणि मगच नमस्कार करतो.

पुस्तक इतकं बारकाईनं वाचणारा तोच पहिला, आणि माझ्या मते बहुधा शेवटचाही. पान ८८ वरची आठवण पान ३४१ वर वेगळं साल घेऊन पुन्हा येते, हे फक्त त्याला कळतं. तो कळवतो. लेखक रागावतो आणि वर विचारतो, "सूचीत आमच्या सासऱ्यांचं नाव दिसत नाही?" सासरे फक्त ऋणनिर्देशात असतात. नायकाच्या नोंदीखाली मात्र सूचीकार काहीही शेरा न मारता 'कर्ज', 'आणखी कर्ज', 'सावकाराशी अबोला' अशा पोटनोंदी लावून मोकळा होतो.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी त्याला एका निवृत्त प्राचार्यांचा फोन येतो. सूचीत त्यांचं नाव नसतं.

"सर, तुमचा उल्लेख पुस्तकातच नाही."

"ते ठाऊक आहे हो. निदान सूचीत तरी घालायचं!"