माउली, गाडी जरा मागे घ्या

आळंदीत भिंत चालली होती, हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटीला निघाले आणि ज्ञानदेवांसह चार भावंडं बसल्या भिंतीसकट त्यांना सामोरी गेली. ती भिंत अजून दाखवतात. बघायला जायचं तर मात्र पायी जावं. देहूफाट्याच्या पुढे चाकावरचं काही चालेल याची हमी हल्ली कोणी देत नाही. चांगदेव आज आले असते तर वाघ चऱ्होली फाट्यालाच लावायला सांगितलं असतं, आणि त्याचीही पावती कोणीतरी फाडली असती.

गाव मुळात पायी येणाऱ्यांचं. १२९६ साली ज्ञानदेवांनी समाधी घेतली, तेव्हापासून माणसं इथे चालत येतायत आणि चालत परत जातायत. मंदिर, घाट, प्रदक्षिणेचा रस्ता, धर्मशाळा, नदीवरचे पूल, सगळं खांद्याला खांदा लावून उभं. टाळ घेतलेल्या माणसाला लागते तेवढी जागा त्यात आहे. फॉर्च्युनर घेतलेल्या माणसाला लागते तेवढी नाही, आणि ती नसणं हा काही गावाचा गुन्हा नव्हे.

तर अशा गावाभोवती गेली काही वर्षं इमारती उगवतायत. नदीच्या पुण्याकडच्या अंगाला दिघी, चऱ्होली बुद्रुक, डुडुळगाव, मोशी. ही १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलेली गावं. पलीकडे खेड तालुक्यातली केळगाव, चऱ्होली खुर्द, धानोरे, सोळू, मरकळ. तिथला नियोजनाचा कारभार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे. मधे आळंदी नगरपरिषद, स्वतःच्या हद्दीपुरती मालकीण. उसाच्या जागी टॉवर आणि ज्वारीच्या जागी 'रोड टच' प्लॉट. ज्यांना टॉवर परवडत नाही ते चार-पाच जण मिळून गुंठे घेतात, सामाईक सातबाऱ्यावर नावं चढवतात आणि वर पत्रा टाकतात. त्यांचीही दुचाकी सकाळी त्याच पुलावर येते.

जाहिराती मात्र वाचण्यासारख्या. देवदर्शन दहा मिनिटांवर, चाकण एमआयडीसी पंधरा मिनिटांवर, विमानतळ वीस मिनिटांवर. ही मिनिटं कोण मोजतं याचा मी बराच विचार केला. माझा अंदाज असा की, आषाढ-कार्तिक सोडून एखाद्या अमावस्येला, रात्री अडीच वाजता, रुग्णवाहिकेतून मोजत असावेत. साइट ऑफिसात चहा देणाऱ्या तरुणाला विचारलं की बाबा रे, रस्त्याचं काय, तर तो भिंतीवरच्या नकाशावर लेझरचा ठिपका फिरवून म्हणतो, "रिंग रोड येतोय ना सर." येतोय खरा. कागदावर इतकी वर्षं फिरतोय की प्रदक्षिणेचं पुण्य एव्हाना त्यालाच लागलं असेल.

वारीचा एक जुना रिवाज आहे. माउलींची पालखी मंदिरातून प्रस्थान ठेवते आणि पहिला मुक्काम आळंदीतच करते, आजोळघरी. दुसऱ्या दिवशी पुण्याची वाट. नव्या फ्लॅटधारकांनी हा रिवाज मनोभावे उचललेला दिसतो. सकाळी आठला प्रस्थान, नऊला गावातलाच चाकण चौक, आणि पहिला मुक्काम आळंदीतच. फरक इतकाच की पालखीला वाटेत कोणीतरी पाणी, चहा, केळी देतं.

आता गंमत नियमांची. डिसेंबर २०२० मध्ये राज्यानं बहुतेक शहरांसाठी एकच बांधकाम नियमावली आणली. तिचं तत्त्व साधं: प्लॉटसमोरचा रस्ता जितका रुंद, तितका एफएसआय, म्हणजे बांधकामाची मुभा, चढता. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण रस्ता कुठला धरायचा? फाटकासमोरचा. तो पुढे जाऊन कोणत्या गल्लीत शिरतो, हा प्रश्न तक्त्यात नाही. दिघीकडून येणारा पालखी मार्ग वारकऱ्यांची सोय म्हणून ऐसपैस केला. त्या ऐसपैसपणावर मजले चढले. आणि मजल्यांतून उतरलेल्या गाड्या तो ऐसपैस रस्ता संपला की जुन्या आळंदीच्या तोंडाशी येऊन थांबल्या. म्हणजे रुंदीकरण वारीच्या नावानं आणि उंची बिल्डरच्या नावानं.

पार्किंगचाही तक्ता आहे. किती क्षेत्राच्या फ्लॅटला किती मोटारी, किती स्कूटर, इथपर्यंत बारीक हिशेब. गाडी उभी कुठे राहणार हे सरकारला पाठ आहे. ती हलली की जाणार कुठून, यावर तक्ता गप्प.

"अहो, पर्यावरणाची मंजुरी असते की मोठ्या प्रकल्पाला," असं एक जाणकार म्हणाले. असते. २००६ च्या अधिसूचनेनुसार वीस हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर ती घ्यावीच लागते. तिच्यातली एक ठरलेली अट मला फार आवडते: प्रकल्पात शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या ठिकाणी वाहतुकीची कोंडी होता कामा नये. होत नाहीच हो! फाटकाशी कुठे कोंडी असते? फाटकाशी कारंजं असतं, सलाम ठोकणारा वॉचमन असतो. कोंडी तिथून दोन किलोमीटरवर असते, जिथे असल्या वीस फाटकांतून निघालेल्या गाड्या एकाच पुलावर चढू बघतात. एकेका प्रकल्पाचा अहवाल वेगळा, त्यामुळे एकेका प्रकल्पामुळे पडणारी भर मामुली. सगळ्या मामुलींची बेरीज कोणाच्या टेबलावर होत नाही. महापालिका म्हणते आमची हद्द नदीच्या अलीकडे संपली. पीएमआरडीए नदीच्या पलीकडून सुरू होते. नगरपरिषद म्हणते, आम्ही कुठे टॉवर बांधले? तिघांचंही खरं आहे. तीन कार्यालयांची तीन सत्यं एका रस्त्यावर आली की त्याला दिघी-आळंदी वाहतूक विभाग म्हणतात, आणि तिथे भर उन्हात शिट्टी वाजवणारा एक हवालदार असतो.

बरं, सगळा दोष फ्लॅटवाल्यांचा म्हणावा तर तेही अन्यायाचं. आळंदीला लग्नं लागतात. महाराष्ट्रात घरच्यांच्या संमतीनं, घरच्यांच्या अपरोक्ष आणि घरच्यांच्या नाकावर टिच्चून अशी तिन्ही प्रकारची लग्नं एकाच गल्लीत लागत असतील तर ती इथेच. मंगल कार्यालयं आणि धर्मशाळा मिळून एका मुहूर्ताला किती वराती निघत असतील ते वाजंत्रीवाल्यांनाच ठाऊक. पंचांगानंही मदत केली आहे. चातुर्मासात लग्नं बंद. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू. आणि आळंदीची कार्तिकी यात्रा नेमकी त्यानंतरच्या वद्य पक्षात. म्हणजे एकीकडून दिंडी, दुसरीकडून घोडा, मधे मरकळच्या कारखान्यांकडे निघालेला चाकणचा कंटेनर. नवरदेव, विणेकरी आणि कंटेनरचा क्लीनर तिघंही एकमेकांना एकच विनंती करतात: "माउली, गाडी जरा मागे घ्या." या गावात शिवी द्यायची सोय नाही, हा एक मोठाच फायदा. कोंडीत दुसरीकडे जे शब्द ऐकू येतात ते इथे 'माउली' या एकाच शब्दात, निरनिराळ्या सुरांत बसवावे लागतात.

ज्यांनी जमीन विकली त्यांचं दुःख आणखी वेगळं. पाराशी बसून तक्रार चालते की बाहेरची माणसं आली आणि गाव राहिलं नाही. बाहेरची माणसं पॅराशूटनं उतरली नव्हती. खरेदीखतावर त्यांच्या नावासमोर लिहून देणार म्हणून कोणीतरी सही केली होती, आणि त्या सहीच्या पैशांतून घेतलेली पांढरी एसयूव्हीही आत्ता त्याच रांगेत आहे. तिच्या मागच्या काचेवर 'माउली कृपा'. कृपा खरीच, कारण रांग हलत नसल्यानं ती वाचायला सगळ्यांना भरपूर वेळ मिळतो.

आणि सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप! बाराव्या मजल्यावरून कळस दिसतो म्हणून ज्यांनी चढ्या भावानं घर घेतलं, तीच मंडळी एकादशीला लिहितात की या दिंड्यांचं काहीतरी करा, ऑफिसला लेट होतो. कोणी सुचवतं, वारकऱ्यांना बायपासनं वळवता येणार नाही का? सातशे वर्षांहून जुन्या वहिवाटीला बायपास दाखवायला धाडस लागतं. ईएमआय सुरू झाला की ते आपोआप येतं. पण त्यांच्यावर तरी किती हसायचं? पुण्यात घर परवडलं असतं तर ही माणसं इथवर आलीच नसती. भोसरी नाही, मोशी नाही, मग चऱ्होली. नोकरी चाकणला, घर नदीच्या अलीकडे, मधे देव. त्यांनी फ्लॅट घेताना बिल्डरला प्लॅन विचारला, बँकेनं कागद तपासले, वकिलानं सर्च रिपोर्ट काढला. रस्त्याचा सर्च रिपोर्ट काढणारा वकील अजून जन्माला यायचा आहे.

२०२५ मध्ये माउलींच्या जन्माला साडेसातशे वर्षं झाली. सोहळे झाले, पाहुणे आले, आणि पाहुण्यांसाठी रस्ते मोकळे करण्यात आले. म्हणजे मोकळे करता येतात, एवढं तरी सिद्ध झालं. अधूनमधून अवजड वाहनांना बंदीचे आदेश निघतात; यात्रेत तर सगळ्याच गाड्या गावाबाहेर थांबवतात, आणि ते चार दिवस गर्दी लाखांनी असूनही गाव चालतं. गाव माणसांनी तुंबत नाही, हे दरवर्षी दोनदा आपल्या डोळ्यांसमोर घडतं. मग चार वाहनतळ वेशीवर, तिथून आत छोट्या बस, चाकण-मरकळचा माल गावाला वळसा घालून, इतकं उरलेल्या दिवसांत का जमू नये? अवघड काही नाही, फक्त तीन कार्यालयांना एका खोलीत बसावं लागेल, आणि खोली कोणाच्या हद्दीत यावर बैठक अडेल.

तोवर माझी एक किरकोळ सूचना. आळंदीभोवतीच्या कुठल्याही नव्या इमारतीला भोगवटा पत्र देण्याआधी संबंधित अधिकाऱ्यानं सोमवारी सकाळी साडेआठला त्या इमारतीच्या तळघरातून स्वतःची गाडी काढावी. दिवा नको, पुढे पोलीस नको. गावातून, पुलावरून, चाकण चौकातून जावं. कागदपत्रं शेजारच्या सीटवर ठेवावीत आणि सही चाकणला पोचल्यावर करावी. सोमवारी नाही पोचले तर मंगळवारी करावी, आमची काही घाई नाही. डबा मात्र बरोबर घ्यावा.