साडूंची दुसरी तार

माणसं कुणाच्या घरी गेली की आधी भिंतीवरचे फोटो बघतात, मग स्वयंपाकघरातल्या वासाचा अंदाज घेतात. आमचे पुण्याचे साडू थेट स्पीकरच्या मागे जातात. मुकुंदवाडीतल्या आमच्या घरात तिथवर जाणारा दुसरा जीव म्हणजे पाल.

या खेपेला ते मागूनच ओरडले, "अहो, पट्टी अजून काढली नाहीत?"

पट्टीचं प्रकरण असं. काही भारी स्पीकरना पाठीमागे दोनऐवजी चार टर्मिनल असतात. वरची जोडी ट्वीटरची, म्हणजे झांजेच्या किणकिणीची. खालची वूफरची, म्हणजे डग्ग्याच्या घुमाऱ्याची. कंपनी या दोन्ही जोड्या पितळी पट्ट्यांनी जोडून देते, वर सोन्याचं पाणी. हाच जंपर. साडूंच्या मते सगळं संगीत या पट्टीपाशी अडतं. तिच्या जागी उंची जंपर केबल लावायची, नाहीतर पट्टी काढून अ‍ॅम्प्लिफायरपासून दोन्ही जोड्यांना वेगळ्या तारा ओढायच्या. याला म्हणायचं बाय-वायरिंग. चांदीच्या जंपर केबलची किंमत त्यांनी सांगितली, तशी बायको आतून म्हणाली, "त्यापेक्षा पैंजण करा, अडीअडचणीला मोडता तरी येतील."

आमचे मामा एमएसईबीत लाइनमन होते. खांबावर चढून जंपर बांधण्यात त्यांची हयात गेली. ते म्हणाले, "पाहुणे, जंपर चांदीचा असून काय करता? आवळलेला पाहिजे. ढिला राहिला की तापतो, अन् अख्ख्या गल्लीची लाइट जाते."

"तसं नाही मामा. वूफरचा दणदणीत करंट वेगळ्या तारेतून गेला, की ट्वीटर नितळ वाजतो."

"पण मशीन एकच ना? टाकी एकच असल्यावर दोन पाइप काढले म्हणून नळाला रोज पाणी यायलंय का?"

जायकवाडीचं धरण जिल्ह्यात असूनही ज्या शहरात नळाची वाट दिवसचे दिवस बघावी लागते, तिथे या प्रश्नाला उत्तर नसतं.

हिशेबही मामांच्याच बाजूने. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची तार 3 मीटर जाऊन परत आली, तरी तिचा रेझिस्टन्स जेमतेम 0.04 ओहम. समोर स्पीकर 8 ओहमचा. पट्टीचा तर 0.001 ओहमही भरत नाही. दोन तारांनी जो काही फरक पडेल, तो एकच जाड तार टाकूनही जवळपास तेवढाच पडतो.

साडूंनी तरीही तारा ओढल्याच. लताबाईंचं गाणं लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "ऐका! पडदा बाजूला झाला!" तेवढ्यात स्टेशनातून जालन्याकडे निघालेल्या गाडीने हॉर्न दिला. गाडी गेली, तर चिकलठाण्याचं विमान आलं. तेही गेल्यावर बायको शांतपणे म्हणाली, "मघाशी आवाज दहावर होता, आता तेरावर आहे."

इथेच सगळी गोम आहे. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक गोड लागतो. त्यामुळे तुलना करायची, तर आवाजाची पातळी सारखी ठेवून करावी. शक्यतो ज्याने केबल विकत घेतली, त्याने निकाल देऊ नये.

तेव्हा वाचकहो, आधी पट्टी कोरड्या फडक्याने पुसा, तिचे नट हाताने घट्ट आवळा, लाल-काळ्याची गल्लत झाली नाही ना ते बघा. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे घ्या. उघड्या फरशीवर सतरंजी अंथरा. हा फरक घरातल्या आजीलाही कळतो. मात्र एकाच स्पीकरला दोन अ‍ॅम्प्लिफायर जोडणार असाल, तर पट्टी आधी काढाच. ती राहिली, तर एकाचा करंट दुसऱ्यात घुसून दोन्ही जळू शकतात. तेवढ्यापुरतं साडूंचं ऐका.