खड्डा तोच, बॅच नवी

पाऊस एकदा स्थिरावला की पुण्याच्या टेकड्यांवर तीन गोष्टी उगवतात. टाकळा, बॅनर आणि स्वयंसेवक. टाकळा आपला आपण येतो. बाकीच्या दोघांना बसने आणावं लागतं.

पुढचा कार्यक्रम ठरलेला. खड्डे आदल्या दिवशी मजुरांनी खणून ठेवलेले. पाहुणे कुदळीला हात लावतात, मोबाइल वर होतात. एका रोपावर सात हात येतात. घाईत कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीसकटच रोप खड्ड्यात बसवतं, म्हणजे मुळांना जन्मठेप. मग वडापाव आणि प्रमाणपत्र. खड्डे खणणाऱ्याला प्रमाणपत्र नाही, कारण त्याने नुसतं काम केलेलं असतं.

राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत 240 तास भरायचे असतात. जुलैची एक सकाळ त्यात सहज जमा होते. ते रोप मेपर्यंत तगलं की नाही, याने तासांच्या हिशेबात काडीचा फरक पडत नाही. मोठ्यांनी तरी काय वेगळं शिकवलं? 2019च्या पावसाळ्यात राज्याने 33 कोटी झाडं लावायचं ठरवलं. पुढे सरकार बदललं आणि त्या लागवडीच्या चौकशीसाठी आमदारांची समिती नेमली गेली. झाडं मोजायला समिती लागते, तिथे मुलांनी नोंदवही ठेवावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

घोळ कॅलेंडरचा आहे. पळसपापडी, बहाव्याच्या शेंगा, सावरीचं बी गोळा करायचं ते उन्हाळ्यात. तेव्हा कॉलेजला सुट्टी. कडुनिंबाचं बी तर काही आठवड्यांतच निकामी होतं, ते जुलैच्या उद्‌घाटनाची वाट बघत नाही. रानमोडी उपटायची ती फुलण्याआधी, दिवाळीच्या आसपास. तेव्हा मुलं गावी. गवत वाळलं की वणवा अडवायला जाळपट्टे काढायचे आणि फेब्रुवारीपासून रोपांना पाणी घालायचं. तेव्हा परीक्षा. जूनमध्ये मुलं परत येतात, पण ती दुसरी असतात. खड्डा मात्र तोच असतो आणि बहुधा रिकामा.

आता लावायचं काय, तेही बघा. एकेकाळी टेकड्या झटपट हिरव्या करायला मध्य अमेरिकेतला ग्लिरिसिडिया आणला. टेकड्या हिरव्या झाल्या, पण त्या गर्दीत इथल्या झाडांना जागा उरली नाही. आता ‘देशी’ची लाट आहे. म्हणून राज्यफूल या मानापोटी ताम्हण कोरड्या मुरमाड माथ्यावर जातं. बिचाऱ्याला ओढ्याकाठची ओल लागते. सालई, मोई, मेडशिंगी, काटेसावर ही अशा उतारांवर तगणारी मंडळी, पण त्यांची रोपं मागायला गेलात तर नर्सरीवाला तुमच्याकडे संशयाने बघतो.

त्यातून माळ दिसला की आयोजकांचे हात शिवशिवतात. झाड नाही म्हणजे जागा पडीक! तिथे पवना आणि मारवेल वाढतं, धाविक अंडी घालते, लांडगा पिल्लं वाढवतो, हे त्यांच्या गावीही नसतं. अशा माळावर दोनशे खड्डे पाडून मुलांना ‘निसर्गसंवर्धन’ शिकवायचं, म्हणजे मोडतोडीचं प्रात्यक्षिकच. मुलं ते मन लावून करतात, हे जास्त वाईट.

मुलांवर माझा राग नाही. दिलेलं काम ती करतात. काम नीट द्या. दोनशे मुलांना दोनशे रोपं देऊ नका, वीस द्या. हातात कुदळ देण्याआधी टेकडीवरची पाच झाडं आणि दोन गवतं ओळखायला लावा. घाणेरी उपटणं, बी वेचणं, आळं करणं, पाणी वाहणं याचेही तास धरा आणि एप्रिलमधल्या तासाला जुलैतल्या तासाच्या दुप्पट वजन द्या. दुसऱ्या वर्षाच्या मुलाने पहिल्या वर्षाच्या मुलाकडे रोप नोंदवहीसकट सोपवावं. मेलं असेल तर ‘मेलं’ असं लिहून, कशाने मेलं तेही लिहावं. गुरांनी खाल्लं, वणव्यात गेलं, पाणी मिळालं नाही: एवढ्या तीन नोंदींत पर्यावरणाचा अख्खा धडा येतो.

असं काम करणारे आजही आहेत. ऐन मेमध्ये पहाटे पाण्याचे कॅन घेऊन टेकडी चढणारे निवृत्त काका-काकू पुण्यात ठिकठिकाणी दिसतात. त्यांच्याकडे बॅनर नसतो. महाविद्यालयांनी जुलैचे प्रमुख पाहुणे बदलून यांनाच बोलवावं, आणि भाषण न ठेवता पोरांना त्यांच्यामागे कॅन घेऊन पाठवावं.

येत्या पावसाळ्यात तुम्हालाही कुणीतरी वृक्षारोपणाचं आमंत्रण देईल. जाण्याआधी एकच विचारा: मे महिन्यात पाणी कोण घालणार? उत्तरात माणसाचं नाव आणि फोन नंबर मिळाला तर जरूर जा. ‘बघू’ असं उत्तर आलं तर रविवारी खुशाल झोपा. टेकडीचं तेवढंच नुकसान टळेल.